थाइम, लव्हेंडर आणि रानभेंडी

कोल्हापुरातून गारगोटीच्या रस्त्याला लागलं की शहर कुठं संपलं आणि कळंबा कुठं सुरू झालं, हे आता सांगता येत नाही. मध्यवर्ती कारागृहाची भिंत आणि तलाव या दोनच खुणा शाबूत आहेत. सरकारी कागदावर गावाचं नाव 'कळंबे तर्फ ठाणे' असं येतं, पण बसमध्ये बसताना ते नाव कुणी घेत नाही. मी लहान असताना दसरा झाला की या रस्त्यावर तिसरी एक खूण असायची, वासाची. उकळत्या रसाचा आणि जळत्या चिपाडाचा तो वास. रात्री वारा फिरला की आज कुणाचं गुऱ्हाळ पेटलंय, हे माणसं अंथरुणात पडल्या पडल्या ओळखायची.

आमचंही गुऱ्हाळ होतं. एक चरक, एक काहील, खाली चुलवाण आणि वर पत्रा. थोरले चुलते, ज्यांना सगळं गाव अण्णा म्हणायचं, ते गुळवे. काहिलीजवळ उभे राहिले की ते बोलायचे नाहीत. चरकातून रस आला की तो आधी तापवायचा. मग रानभेंडीची ताटं ठेचून, भिजवून केलेलं चिकट पाणी त्यात सोडायचं. तो चिकटा रसातली घाण धरून वर येतो, काळपट फेसासारखी मळी जमते, आणि ती काढत राहायची. दम धरून, रस पुन्हा पुन्हा निवळेपर्यंत. आंबटपणा मोडायला चुन्याची निवळी घालायची. दोन-अडीच तासांत रस आटतो, त्याची काकवी होते, बुडबुडे जड होतात, आवाज बदलतो. अण्णा तो आवाज ऐकायचे. मग थेंबभर पाक गार पाण्याच्या वाटीत सोडायचे. बोटांत त्याची गोळी वळली की एकच शब्द म्हणायचे, "उतरा." थर्मामीटर लावला असता तर आकडा ११८ अंशांच्या आसपास दिसला असता, पण आमच्याकडं थर्मामीटर नव्हता. काहील वाफ्यात रिकामी व्हायची, घोटून घोटून गूळ भरला जायचा, आणि तीस किलोचे रवे रांगेत थंड होत बसायचे. असं एक आदण बिघडलं की त्या दिवशी अण्णा जेवायला उशिरा यायचे.

आमचं गुऱ्हाळ बंद पडलं त्याला बरीच वर्षं झाली. उसाला कारखान्याचा दर, माणसं मिळेनात, गुळव्याच्या पोरांनी दुसऱ्या वाटा धरल्या. २०१४ मध्ये 'कोल्हापुरी गूळ' या नावाला भौगोलिक मानांकन मिळाल्याची बातमी आली, तेव्हा काहील उलटी करून ठेवलेली होती आणि तिच्याखाली कोंबड्या बसत होत्या. बातमी वाचून मला आनंद झाला. त्यानंतर एकदा परगावी एका दुकानातून मी 'कोल्हापुरी गूळ' असं ठळक छापलेलं पाकीट आणलं. पिवळाधमक, लिंबासारखा गूळ. जिभेवर ठेवला आणि तो साखरेसारखा विरघळला, मागं खारट-खमंग असं काही राहिलं नाही. पाकिटाच्या मागं बारीक अक्षरात पत्ता होता, आणि तो आमच्या जिल्ह्यातला नव्हता. त्या दिवसापासून एक प्रश्न माझ्या मागं लागला. गावाचं नाव मालाला लागतं, ते नेमकं कोण लावतं? आणि लावल्यावर ते सांभाळतं कोण?

या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता मी वाईनपर्यंत पोचलो. गुळाच्या घरातल्या माणसानं वाईनवर लिहावं हे काहींना रुचणार नाही. पण गावाच्या नावानं माल विकण्याचा जगातला सगळ्यात कडक कायदा द्राक्षाच्या रसाभोवती तयार झाला, आणि आपल्या गुळाला लागणारा कायदा त्याचंच शेंडेफळ आहे.

*

आधी आपल्या कायद्याविषयी. भौगोलिक मानांकनाचा भारतीय कायदा १९९९ चा, तो लागू झाला १५ सप्टेंबर २००३ ला. त्याची नोंदवही चेन्नईत असते. दार्जिलिंगचा चहा हे त्यातलं पहिलं नाव. या कायद्यातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. गावाच्या नावाची मालकी कुठल्याही एका माणसाला किंवा घराला मिळत नाही. अर्ज उत्पादकांच्या संघटनेनं किंवा एखाद्या संस्थेनं करायचा. कोल्हापुरी गुळासाठी ते काम कृषी उत्पन्न बाजार समितीनं केलं, अर्जाचा क्रमांक २४०. नोंदणी दहा वर्षांची, पुढं नूतनीकरण करत राहायचं. हे नाव विकता येत नाही आणि गहाणही टाकता येत नाही. गुऱ्हाळ चालवणाऱ्या घराला 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून वेगळी नोंद करावी लागते, तेव्हा ते नाव कायद्यानं त्याच्या रव्यावर चढतं. म्हणजे मालक संस्था आणि वापरणारं घर. संस्थेच्या हातात कागद असतो आणि काहील घराच्या हातात असते.

दुसरी गोष्ट कमी लोकांना माहीत आहे. आपला कायदा ज्या जागतिक व्यापार कराराच्या पोटी जन्मला, त्या १९९५ च्या बौद्धिक संपदा करारात दोन पंगती आहेत. बाविसाव्या कलमात सगळा माल बसतो. तिथं एवढंच म्हटलंय की मूळ गावाबद्दल गिऱ्हाईक फसेल अशा तऱ्हेनं नाव वापरू नये. तेविसाव्या कलमात फक्त वाईन आणि मद्य. तिथं 'अमक्या पद्धतीची', 'तमक्या धर्तीची' असं लिहून, खरा पत्ता छापूनसुद्धा दुसऱ्या गावाचं नाव वापरता येत नाही. गिऱ्हाईक फसलं की नाही हा प्रश्नच तिथं उरत नाही. याचा अर्थ असा की परदेशातल्या एखाद्या कारखान्यानं 'कोल्हापुरी पद्धतीचा गूळ' असं लिहून खाली आपला पत्ता दिला तर करार त्याला थेट अडवत नाही. हेच 'नाशिक पद्धतीची वाईन' असं लिहिलं तर अडवतो. भारतानं हे वरचं संरक्षण बाकीच्या मालालाही मिळावं म्हणून जागतिक व्यापार संघटनेत वर्षानुवर्षं मागणी लावून धरली, ती मान्य झाली नाही. युरोपातल्या द्राक्ष उत्पादकांनी आपल्या रसासाठी जे मिळवलं, ते आमच्या रसाला मिळालेलं नाही. मला हा अन्याय वाटतो.

पण त्यांनी ते फुकट मिळवलं नाही, हेही तितकंच खरं.

*

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्सच्या द्राक्षबागा फायलोक्सेरा नावाच्या मुळं खाणाऱ्या किडीनं उद्ध्वस्त केल्या. वाईन कमी पडली, तेव्हा व्यापाऱ्यांनी पाणी, मनुके आणि बिटाची स्वस्त साखर वापरून वाईन करायला सुरुवात केली. बागा पुन्हा उभ्या राहिल्यावरही ती सवय गेली नाही. भाव कोसळले. १९०७ च्या उन्हाळ्यात दक्षिण फ्रान्समधले द्राक्ष शेतकरी रस्त्यावर आले. ९ जूनला माँपेलिए शहरात पाच लाखांच्या वर माणसं जमली. नार्बोनमध्ये सैन्यानं गोळ्या घातल्या, माणसं मेली. त्याच महिन्याच्या अखेरीला वाईनमध्ये पाणी आणि बेसुमार साखर घालण्याविरुद्ध कायदा झाला. हे वाचताना माझ्या डोळ्यांसमोर आमच्या भागातली साखरेची पोती उभी राहिली. साखर गुळापेक्षा स्वस्त असते तेव्हा ती काहिलीत पडते, हे आमच्याकडं उघड गुपित आहे. शंभर-सव्वाशे वर्षांच्या अंतरानं दोन वेगळ्या रसांत एकच भेसळ.

ऱ्होन नदीच्या काठावर शातोनफ-द्यु-पाप नावाचं गाव आहे. चौदाव्या शतकात पोप आव्हिन्योंला राहत होते, त्यांच्या उन्हाळी किल्ल्यावरून हे नाव पडलं. दगडगोट्यांची जमीन, उन्हाचा कडाका, झोंबणारा उत्तरेचा वारा. इथली वाईन दणकट, म्हणून उत्तरेकडचे व्यापारी ती पिंपांनी नेऊन आपल्या पातळ वाईनमध्ये मिसळायचे. आणि उलटंही व्हायचं, कुठलीही वाईन या गावाच्या नावानं विकली जायची. या गावात शातो फोर्तिया नावाची एका घराची बाग होती. त्या घराच्या मुलीशी १९१९ मध्ये लग्न करून एक तरुण गावात आला. पिएर ल रुआ द ब्वाझोमारिए, पदवीनं बॅरन, शिक्षणानं माँपेलिएचा कायदेपंडित, पहिल्या महायुद्धात वैमानिक. १९२३ मध्ये गावातले बागायतदार त्याच्याकडं गेले आणि म्हणाले की आमचं नाव चोरीला जातंय, काहीतरी करा. बॅरन तयार झाला, पण त्याची एक अट होती. दुसऱ्यांवर खटला भरण्याआधी आपण सगळे स्वतःच्या बागेला आणि तळघराला शिस्त लावू. हे कबूल असेल तरच.

मग त्यांनी बसून नियम लिहिले. ते नियम कुणा सरकारी खात्यानं वरून पाठवलेले नव्हते. ज्या वरकस जमिनीत थाइम आणि लव्हेंडर ही दोन्ही झुडपं आपसूक उगवतात, तीच जमीन या नावात बसेल. नदीकाठची गाळाची जमीन, जिथं द्राक्ष भरघोस येतं आणि चव पातळ होते, ती बाहेर, मग मालक कितीही मोठा असो. द्राक्षाच्या जाती ठरलेल्या. वाईनमधलं नैसर्गिक अल्कोहोल किमान साडेबारा टक्के, आणि ते गाठायला साखर घालायची नाही. तोडणीत निदान पाच टक्के माल निवडून बाजूला टाकायचाच, चांगलं वर्ष असो की वाईट. गुलाबी वाईन करायची नाही. हे नियम ज्यांनी लिहिले त्यांच्याच घरांचं उत्पन्न त्यामुळं पहिल्या वर्षापासून घटणार होतं, आणि तरी त्यांनी ते लिहिले. मग कोर्टात गेले. १९२९ मध्ये ऑरांजच्या न्यायालयानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला, १९३३ मध्ये वरच्या न्यायालयानं तो कायम केला. १९३५ मध्ये फ्रान्सनं देशभरासाठी 'मूळ गावाच्या नावा'ची राष्ट्रीय समिती काढली, त्यात बॅरन आणि जोसेफ काप्यु हे पुढारी होते. १५ मे १९३६ ला ज्या पहिल्या मोजक्या गावांना हा दर्जा मिळाला त्यांत शातोनफ होतं. बॅरन पुढं वीस वर्षं त्या राष्ट्रीय संस्थेचा अध्यक्ष राहिला.

शातो फोर्तिया हे नाव आज वाईनच्या जाणकारांपलीकडं कमी लोकांना ठाऊक आहे, पण शातोनफ-द्यु-पाप हे नाव जगाला ठाऊक आहे. त्या घरानं आपली बुद्धी, वेळ आणि वकिली गावाच्या नावासाठी खर्च केली. या सगळ्या हकिकतीत मला सगळ्यात जास्त भिडलं ते थाइम आणि लव्हेंडर. त्यांनी सीमा नकाशावर आखायच्या आधी जमिनीत काय उगवतं ते पाहिलं.

*

महाराष्ट्रात ही गोष्ट उशिरा आणि वेगळ्या क्रमानं घडली. १९८० च्या दशकात नारायणगावला शामराव चौगुले यांनी फ्रान्सच्या पिपर-हाइडसिक घराण्याच्या तांत्रिक मदतीनं फसफसणारी वाईन काढली. परदेशात ती 'ओमर खय्याम' या नावानं गेली आणि तिचं कौतुक झालं. कंपनीच्या नावात मात्र 'शॅम्पेन' हा शब्द होता, म्हणजे दुसऱ्याच्या गावाचं नाव. त्या काळात आपल्याकडं असा विचारच कुणी करत नव्हतं, त्यामुळं त्यांना दोष द्यावा असं मला वाटत नाही. मराठी माणूस द्राक्षाची अशी वाईन करू शकतो, हे त्या घरानं आधी दाखवून दिलं. त्याच दशकात शेतकरी संघटनेचे माधवराव खंडेराव मोरे आणि पिंपळगाव बसवंतचे बागायतदार यांनी 'पिंपेन' हा सहकारी प्रकल्प उभा केला. तो टिकला नाही, पण निफाड-दिंडोरीच्या मातीत वाईनचा विचार तिथूनच पेरला गेला.

मग राजीव सामंत अमेरिकेतून परत आले. गंगापूर धरणाजवळ घरची तीस एकर जमीन होती. आंब्यापासून खायच्या द्राक्षांपर्यंत बरंच काही लावून पाहिल्यावर त्यांनी कॅलिफोर्नियाच्या केरी डॅम्स्की यांच्या सल्ल्यानं १९९७ मध्ये सोव्हिन्यो ब्लाँ आणि शेनाँ ब्लाँ या वाईनच्या जाती लावल्या. पहिल्या बाटल्या २००० मध्ये बाजारात आल्या. आईचं नाव सुलभा, म्हणून वाईनचं नाव सुला. गुरनानी कुटुंबाच्या 'यॉर्क'चंही असंच आहे. योगिता, रवी, कैलाश या तीन मुलांच्या नावांची आद्याक्षरं जुळवून ते नाव झालं. २०२१ मध्ये सुलानं यॉर्क विकत घेतलं, नाव मात्र राहिलं. निफाडजवळ कुंदेवाडीला पाटील कुटुंबानं 'रेव्हेलो' उभं केलं. पिढीजात शेतकरी घर, इटालियन वाईन-तज्ज्ञ, आणि स्वतःच्याच शेतातल्या द्राक्षांवर भर. नीरो द'आव्होला आणि ग्रिलो या सिसिलीच्या जाती त्यांनी नाशिकच्या मातीत लावल्या.

आई, मुलं, भावंडं यांची नावं बाटलीवर आली. घरच्या कष्टातून उभ्या राहिलेल्या मालाला माणूस घरातलंच नाव देतो, आमच्या अण्णांनीही बैलांना आजीच्या माहेरची नावं दिली होती. पण या बाटल्यांवर घराच्या नावाखाली आणखी एक शब्द होता, नाशिक. तो शब्द या घरांनी मानांकन मिळण्याआधीच छापायला सुरुवात केली. त्या वेळी मुंबईच्या किंवा लंडनच्या गिऱ्हाइकाला तो शब्द कुंभमेळ्यासाठी किंवा पंचवटीसाठी माहीत असेल, वाईनसाठी नव्हे. दहा-बारा वर्षांत या मोजक्या घरांनी त्याला वाईनचा अर्थ दिला. २०१०-११ च्या नोंदींत 'नाशिक व्हॅली वाईन' हे नाव चेन्नईच्या वहीत चढलं. त्याच वर्षात नाशिकच्या द्राक्षांचीही नोंद झाली.

नाशिकच्या वाईनमध्ये नाशिकचं असं काय असतं, याचं उत्तर तिथल्या छाटणीत आहे. युरोपात वेल हिवाळ्यात झोपतो आणि तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरात होते. आपल्याकडं वेल झोपत नाही. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, आणि तोडणी जानेवारी ते मार्चमध्ये. फळ पिकतं ते थंडीच्या रात्रींत आणि स्वच्छ उन्हाच्या दिवसांत. पठाराची उंची, दिवस-रात्रीच्या तापमानातला फरक आणि दोन छाटण्यांचं आपल्या बागायतदारांचं ज्ञान, हे त्या बाटलीत उतरतं. ही दुहेरी छाटणी फ्रेंचांकडून आलेली नाही, ती खायच्या द्राक्षांवर आपल्या शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या बसवलेली पद्धत आहे.

तरीही माझं एक म्हणणं आहे. नाशिकला नाव मिळालं, पण शातोनफसारखी नियमावली मिळाली नाही. एकरी उत्पादनाची कमाल मर्यादा, ठरलेल्या जाती, निवडून टाकायचा माल, अशी स्वतःवर घातलेली बंधनं भारतातल्या वाईनच्या व्यवस्थेत अजून उभी राहिलेली नाहीत. नाशिकचं मोठेपण आजही गावाच्या शिस्तीपेक्षा मोठ्या घराच्या ब्रँडवर तोललेलं आहे. २००१ च्या राज्य धोरणानं करात सूट दिली, विंचूरला आणि आमच्या शेजारी सांगलीतल्या पलूसला वाईन पार्क दिले. पलूसच्या 'कृष्णा व्हॅली' वाईन पार्कला विंचूरइतकं यश आलं नाही. सोलापूर जिल्ह्यात अकलूजला मोहिते-पाटील बंधूंनी, दिल्लीच्या सेखरी बंधूंनी आणि इटलीच्या सेक्ची बंधूंनी मिळून 'फ्रातेल्ली' काढली. फ्रातेल्ली म्हणजेच भाऊ. टस्कनीचे पिएरो मासी त्यांचे वाईन-तज्ज्ञ. ती बाग नाशिकच्या सीमेत बसत नाही, म्हणून त्यांनी अकलूज हे नाव पुढं केलं. एका घराचा आग्रह असला की नवं गावही नकाशावर येतं, पण त्यामागं घर टिकून असावं लागतं. पलूसला पार्क आला, पाठीशी घरं कमी पडली.

*

पलूस आमच्यापासून लांब नाही, आणि तासगावही. द्राक्षाच्या बाबतीत हा भाग नाशिकच्या मागं नव्हता. आमच्याच गारगोटी रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला मौनी विद्यापीठ आहे. तिथं गणित शिकवणाऱ्या श्रीपाद अच्युत दाभोलकरांनी १९६० च्या दशकात 'प्रयोग परिवार' सुरू केला. शेतकऱ्यांनी एकमेकांना पत्रं लिहायची, आपापल्या वेलीवर काय केलं आणि काय झालं ते कळवायचं, बस्स. तासगावच्या द्राक्ष बागायतदारांनी ते मनावर घेतलं. बोरगावच्या वसंतराव आर्वे यांना थॉम्सन जातीच्या वेलीवर एक वेगळी फांदी दिसली, तिचे मणी लांबट होते. त्यांनी ती वाढवली आणि त्या जातीचं नाव 'तास-ए-गणेश' झालं, तासगाव आणि तिथला गणपती. वेल त्यांच्या घरच्या बागेत सापडला आणि नाव लागलं गावाचं. मला या नावात शातो फोर्तियाइतकंच मोठं मन दिसतं.

आता गुळाकडं. कोल्हापुरी गुळाचं नाव घडलं ते असंच दोन्ही हातांनी. राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरी ही व्यापारपेठ वसवली, तिथं गुळाचा बाजार वाढला. राधानगरीच्या धरणाचं स्वप्न त्यांनीच पाहिलं आणि पंचगंगेच्या खोऱ्यात ऊस पसरला. गुजरातचा व्यापारी इथला गूळ घेऊन जाऊ लागला. हे संस्थेचं आणि राजाचं काम. पण गुजरातच्या घरात रवा फोडला गेला की जी चव लागायची, ती प्रत्येक गुऱ्हाळातल्या गुळव्यानं ठरवलेली होती. कोल्हापूरच्या प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्रानं गुळासाठी को ९२००५ सारख्या उसाच्या जाती दिल्या, काहिलीचं शास्त्र मांडलं, पण गोळी वळली की नाही हे शेवटी बोटांनाच कळतं.

मग पिवळ्या रंगाचा हव्यास आला. बाजारात गडद तांबूस गुळापेक्षा पिवळ्याला दोन पैसे जास्त मिळतात म्हणून गुऱ्हाळात हायड्रॉस नावाची पावडर पडू लागली, भेंडी मागं पडली. साखर स्वस्त असली की साखर पडू लागली. आणि कर्नाटकातला गूळ कोल्हापुरी नावानं विकला जातो म्हणून आमचे शेतकरी वरचेवर आंदोलन करतात. त्यांचा संताप रास्त आहे. पण मला बॅरनची ती अट आठवते. कर्नाटकावर बोट दाखवायचं तर आधी आमच्या काहिलीत काय पडतं ते आम्ही एकमेकांना दाखवायला हवं. कोल्हापुरी चपलेचं मानांकन २०१९ मध्ये झालं, तेव्हा त्यात महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार जिल्हे एकत्र आले, कारण दोन्हीकडच्या कारागिरांचा हात एकच होता. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये एका इटालियन कंपनीनं ती चप्पल नाव न घेता मिरवली तेव्हा सगळा जिल्हा पेटून उठला, आणि त्या कंपनीला भारतीय मूळ कबूल करावं लागलं. चपलेला तेवढं बळ आलं कारण ती कशी शिवतात, कुठलं कातडं लागतं, याबद्दल कारागिरांमध्ये दुमत नाही. गुळाबद्दल आम्हाला तसं छातीठोक म्हणता येतं का?

केरळच्या मरयूर गुळालाही २०१९ मध्ये मानांकन मिळालं, तिथले उत्पादक आपला गडद तपकिरी रंग अभिमानानं सांगतात. आमच्याकडं अजूनही काही घरं भेंडीवर आणि चुन्यावरच गूळ करतात, गडद तांबूस, जिभेवर रेंगाळणारा. त्यांची संख्या थोडी आहे. त्यांच्यातल्या कुणी बाजार समितीकडं जाऊन अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करावी, आपल्यासारख्या दहा घरांना गोळा करावं, आणि कोल्हापुरी गुळात काय चालणार नाही याचा कागद स्वतःच्या सहीनं लिहावा, असं मला मनापासून वाटतं. शातोनफमध्ये सुरुवातीला सगळा गाव आला नव्हता.

दिवाळी पाडव्याला कोल्हापूरच्या मार्केट यार्डात मुहूर्ताचे गूळ सौदे निघतात. गेल्या पाडव्याला मी पहाटेच गेलो. रव्यांच्या रांगा, फुलं वाहिलेली, हळद-कुंकू. बहुतेक रवे पिवळे. एका कोपऱ्यात पाच-सहा रवे तांबूस होते. एका वयस्क खरेदीदारानं खाली वाकून रव्याचा कंगोरा फोडला, चिमूट तोंडात टाकली आणि डोळे मिटून उभा राहिला. मग शेतकऱ्याकडं वळून विचारलं, "भेंडीचा?" शेतकरी म्हणाला, "होय जी, बांधावरचीच भेंडी." त्याला दर थोडा जास्त मिळाला. फार नाही.

परतताना कळंब्याला आमच्या शेताकडं गेलो. ऊस अजून उभा होता, तो कारखान्यालाच जाणार. बांधावर, अण्णांनी कधीकाळी टोकलेल्या बियांपासून, रानभेंडी आपली आपण उगवत राहते. कुणी खत घालत नाही, पाणी पाजत नाही. चुलतभावाचा मुलगा कोयत्यानं तिची ताटं तोडून भारा बांधत होता. मी विचारलं, "कुणासाठी रे?" त्यानं शेजारच्या गावातल्या एका गुऱ्हाळाचं नाव सांगितलं. म्हणाला, "त्यांच्या बांधावरची संपली काका. आज आदण लावलंय, दुपारपर्यंत पोचवायला पायजे." मी भाऱ्याचं दुसरं टोक धरलं आणि दोघांनी मिळून तो गाडीवर टाकला.